बोलणं बंद, शिव्या चालू

बेबाबाई बोरसेंच्या अंगणात त्या सकाळी दोन खाटा, तीन शेळ्या, एक उलटं ठेवलेलं खापर, अकरा माणसं आणि अकरा दुबळे हात होते. सात डावे, चार उजवे. मी दोनदा मोजून वहीत लिहिले. प्रत्येक हाताची पकड तीनदा मोजायची, मध्ये एक मिनिट विश्रांती, म्हणजे एकूण तेहेतीस आकडे. सगळ्यात खालचा आकडा बेबाबाईंच्या डाव्या हाताचा निघाला. चार पूर्णांक एक किलो.

"किती माय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी यंत्राकडे असं पाहिलं, की जणू ते दुकानदाराचं तागडं आहे आणि मी वजनात मारते आहे.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. शरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी करून नुकतीच विद्यापीठाच्या एका प्रकल्पात संशोधन सहायक म्हणून लागले होते. लकवा होऊन गेलेल्या माणसाला खेड्यात ना रोजचा डॉक्टर मिळतो ना व्यायाम करून घेणारं कोणी. अशा माणसानं आपला हात, आपलं चालणं, आपल्या गोळ्या स्वतःच्या स्वतः कशा सांभाळाव्यात, हे आम्ही शिकवणार होतो आणि शिकवल्यानं फरक पडतो का, ते मोजणार होतो. धुळे जिल्ह्यातली बारा गावं घेतली होती. सहा गावांना दर आठवड्याला धडे. उरलेल्या सहांना फक्त एक माहितीपत्रक, आणि सहा महिन्यांनी, शेवटची मोजणी झाली की, तेच धडे. फरक कळायचा तर सहा महिने या दोन गटांचं पाणी एकमेकांत मिसळता कामा नये.

बेबाबाईंचं गाव हिंगवे बुद्रुक पत्रकवाल्यांत होतं. नाल्यापलीकडचं हिंगवे खुर्द धडेवाल्यांत.

"आम्हाला कधी शिकवशील?" बेबाबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, मे महिन्याच्या मध्यावर. त्यांनी उजव्या हाताच्या बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "आखाजी त्याच्या तीन आठवडे आधी येते."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा लेकींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि आमरसाबरोबर मांडे खातात. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण ती पोळपाटावर संपत नाही. थोडी लाटून झाली की बाई ती दोन्ही हातांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर अशी फिरवत फिरवत वाढवते, की शेवटी ती कोपरापर्यंत लोंबते. मग चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकते. एका हातानं मांडा होत नाही. मी विचारून घेतलं होतं. एका हातानं त्याची चिंधी होते.

बेबाबाईंच्या तीन लेकी यायच्या होत्या. पण खरी गोष्ट तेवढीच नव्हती. आखाजीला दुपारी दोन्ही गावांच्या बाया नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात, एकमेकींना गाण्यांतून शिव्या देतात आणि शेवटी दोन्ही गावांची एकेक बाई आपला मांडा हातांवर घेऊन समोरच्या काठाला दाखवते. याला ते बार म्हणतात. बुद्रुकचा मांडा बावीस वर्षं बेबाबाईंचा होता. खुर्दचा द्वारकाबाई भामऱ्यांचा.

"सून धुळ्याहून विकत आणू म्हणते," त्या म्हणाल्या. "द्वारकीसमोर मी विकतचा मांडा धरू?"

नियमाप्रमाणे मी काहीच शिकवू शकत नव्हते. मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते घडी घालून शेळीच्या तोंडातून वाचवलं, एवढंच.

ही दोन गावं जोडीनं निवडली होती मीच. दोन्ही सरपंचांना वेगवेगळं गाठून मी पाहणी केली होती. चौदावा प्रश्न होता, शेजारच्या गावाशी बोलणं-चालणं आहे का. दोघांनीही सांगितलं, सत्तावीस वर्षं नाही. भांडणाचं कारण मात्र दोघांनी निरनिराळं सांगितलं. मध्ये नाला, येणं-जाणं बंद, सोयरीक बंद, एकमेकांच्या विहिरीचं पाणी बंद. प्रयोगशाळेतही दोन भांडी इतकी वेगळी ठेवता येत नाहीत. मी रकान्यात लिहिलं, 'संपर्क: नाही', आणि खाली रेघ मारली. प्रकल्पाचे प्रमुख निमोणकर सर, त्यांनी माझी पाठ थोपटली होती.

खुर्दमध्ये नऊ जण होते. त्यांच्याकडून आणि घरच्यांकडून मी कबुली घेतली, की मेपर्यंत यातलं काही बुद्रुकच्या माणसांशी बोलायचं नाही. द्वारकाबाईंचे यजमान हिलालभाऊ या नवांपैकी एक. त्यांचा उजवा हात गेला होता. द्वारकाबाईंनी कागदाकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्या गावाशी बोलायचं? आम्ही?" असं म्हणून त्यांनी सही ठोकली.

दर बुधवारी धडा असे. हिलालभाऊ दहाव्या मिनिटाला पेंगायचे. द्वारकाबाई मात्र सगळ्यात पुढे बसून प्रश्न विचारायच्या. ओला पंचा किती वेळा पिळायचा. पिळून किती वेळ धरायचा. बोटं आखडली तर गरम पाण्यात की कोमट. एकदा त्यांनी विचारलं, की डावा हात असेल तर बसायचं कसं. मी म्हटलं, मावशी, हिलालभाऊंचा तर उजवा आहे.

"विचारून ठेवलेलं बरं," त्या म्हणाल्या.

इतकी जागरूक सोबतीण मला बाराही गावांत मिळाली नव्हती. त्या महिन्याच्या अहवालात मी त्यांच्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला.

जानेवारीत बेबाबाईंची पकड सहा पूर्णांक तीन भरली. थोडी सुधारणा आपोआप होतेच, हे पुस्तकात होतं. फेब्रुवारीत ती आठ पूर्णांक दोन झाली, आणि हे पुस्तकात नव्हतं. मार्चमध्ये नऊ पूर्णांक सहा. पत्रक वाचून हात सुधारत असते तर जगातले सगळे दवाखाने छापखान्यांना जोडावे लागले असते. मला यंत्राचा संशय आला. बुद्रुकच्या किराणा दुकानातली वजनं मागून आणली आणि पडवीत यंत्र उलटं टांगून त्याला लटकवली. पाच किलोला पाच पूर्णांक शून्य. दहाला नऊ पूर्णांक नऊ. दुकानदारानं घाबरून विचारलं, की तपासणी त्याच्या वजनांची आहे का.

यंत्र बरोबर होतं. मग मला स्वतःचा संशय आला. मी तीन जणांची मोजणी वही न बघता पुन्हा केली. तेच आकडे.

त्याहून विचित्र पुढेच होतं. अकरांपैकी नऊ जण सुधारत होते, खुर्दच्या नवांपेक्षा जरा जास्तच. आणि दोघं जागच्या जागी होते. एक, निवृत्त शिक्षक राजधर गुरुजी. दुसरे सुकलाल आबा, ज्यांची बायको मूळची खुर्दची. लग्न भांडणाच्या आधीचं. मी वयं ताडून पाहिली, गोळ्या, रक्तदाब, जेवणातलं मीठ, म्हशीचं दूध, झोपेचे तास, सगळं पाहिलं. या दोघांना बाकीच्या नवांपासून वेगळं काढणारं काहीही सापडेना. मी रोज नवा तक्ता आखायची आणि रोज तो कोरा राहायचा. खरं सांगायचं तर इतकी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या बुधवारी धडा लांबला, शेवटची एसटी गेली आणि मी खुर्दमध्येच अंगणवाडीच्या ताईंकडे राहिले. गुरुवारी सकाळी तोंड धुवायला नाल्यावर गेले. नाला तिथे एकोणीस पावलं रुंद आहे. या काठावर चौदा बाया धुणं धूत होत्या, त्या काठावर सतरा. द्वारकाबाई एका दगडावर उभ्या होत्या, पदर खोचून, आणि गात होत्या. बोली अहिराणी, मी इथे ती माझ्या मराठीत उतरवते आहे, त्यामुळे धार निम्मी झाली आहे.

*बुद्रुकच्या बेबाची मूठ गं पोकळ,*
*पंचा पिळवेना, जीभ मात्र मोकळ.*
*दहादा पीळ आणि दहादा सोड,*
*तेव्हा तुझ्या हाताची जाईल खोड.*

या काठावरच्या चौदा जणी हसल्या. पलीकडून बेबाबाई उभ्या राहिल्या. डाव्या हातात खरोखरच एक ओला पंचा होता.

*दहा काय सांगतेस, बारा केले काल,*
*द्वारकीची शिकवणी दहाची, कंगाल.*

मग द्वारकाबाईंनी बुद्रुकच्या एका म्हाताऱ्याला घेतलं: बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून दाखव, भिंत धर, नाहीतर नाल्यात पडशील आणि पाणी बाटेल. मग दुसऱ्याला: सकाळची गोळी विसरतोस आणि विडी बरी आठवते. त्या नावं घेत गेल्या आणि मी बोटांवर मोजत गेले. नऊ नावं. धड्याचा क्रम तोच, आकडे तेच, भिंत धरण्याची सूचनासुद्धा जागच्या जागी. आदल्या दिवशी दुपारी मी खुर्दला जे शिकवलं होतं ते गुरुवारी सकाळी सव्वासातला नाला ओलांडत होतं, यमक लावून. आणि पलीकडून रोजचा अहवाल येत होता, काल किती केलं त्याचा. आमच्या छापील रोजनिशीत खुर्दच्या नवांनी निम्मी पानं कोरी सोडली होती; शिव्यांत एकही दिवस कोरा नव्हता.

मी ओल्या दगडावर बसले आणि हसता हसता माझा चष्मा नाल्यात पडला.

गुरुजींना शिवी नव्हती, कारण दोन्ही गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकली होती. सुकलाल आबांना नव्हती, कारण ते खुर्दचे जावई. जावयाला शिवी देत नाहीत. औषधाचा डोस ज्यांना मिळाला ते नऊ सुधारले, मिळाला नाही ते दोन राहिले. असा स्वच्छ तक्ता मला पुढच्या चौदा वर्षांत दिसलेला नाही.

धुणं आटोपल्यावर मी द्वारकाबाईंना गाठलं आणि कबुलीची आठवण दिली. तुम्ही बुद्रुकशी बोलणार नाही म्हणून सही केली होती.

"बोलले का मी?" त्यांनी शांतपणे विचारलं. "शिव्या दिल्या. बोलणं सत्तावीस वर्षं बंदच आहे. कोणालाही विचार."

मी त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. नव्हती. गावाच्या हिशेबानं त्या अक्षरशः बरोबर होत्या, आणि माझ्या चौदाव्या प्रश्नालाही दोन्ही सरपंचांनी खरंच उत्तर दिलं होतं. शिव्यांबद्दल मी विचारलंच नव्हतं; त्या वर्षातून एकदा, आखाजीपुरत्या असतात असं मी धरून चालले होते.

फोन लागायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. मी चढले आणि सरांना सगळं सांगितलं, गाण्यांसकट. ते म्हणाले, जे झालं ते झालं, पण इथून पुढचं थांबव. शेवटची मोजणी सहा आठवड्यांवर आहे. राहिलेले धडे तरी पलीकडे जाऊ देऊ नकोस, म्हणजे काहीतरी वाचेल. मी टाकीवरून उतरले ती हसायचं थांबलेली. कारण राहिलेल्या धड्यांतला पुढचाच धडा दोन्ही हात मिळून काम करण्याचा होता. थाळी एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर फिरवायची, आधी रिकामी, मग ओल्या फडक्यासकट. बेबाबाईंची मूठ आली होती, पण दोन हातांचा मेळ आला नव्हता. आणि आखाजी तीन आठवड्यांवर होती.

पण चूक माझी होती, म्हणून निरोपही मीच दिला. पुढच्या बुधवारी थाळीचा धडा झाल्यावर द्वारकाबाईंना म्हटलं, मावशी, मे महिन्यापर्यंत शिव्यासुद्धा नकोत. त्यांनी मान डोलावली. का, असंही विचारलं नाही.

त्या रात्रीही मी अंगणवाडीच्या ताईंकडेच राहिले आणि गुरुवारी सकाळी नाल्यावर गेले. चौदा इकडे, सतरा तिकडे. द्वारकाबाई खाली मान घालून चादर आपटत होत्या. बेबाबाईंनी पलीकडून सुरुवात केली. उत्तर नाही. दुसरं कडवं म्हटलं. त्यात द्वारकाबाईंच्या सातही पिढ्या होत्या. उत्तर नाही. एकतीस बायांचं धुणं थांबलं. मग बेबाबाईंनी गाणं सोडून दिलं आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या गावाशी नुसतं बोलल्या.

"द्वारके, बरी आहेस ना गं?"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपटलेली चादर त्यांनी पुन्हा आपटली. मग हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या,

"सत्तावीस वर्षं तिला गप्प करायला बघतेय मी. भादव्यात हात गेला आणि ती चार महिने काठावर आलीच नाही. लोक म्हणाले, जिंकलीस. लकव्यानं गप्प केली, त्यात मी काय जिंकले? मला ती दोन्ही हातांनी मांडा धरून उभी पाहिजे. मग मी त्याला नावं ठेवीन."

"म्हणून डाव्या हाताचं विचारलंत," मी म्हटलं.

"नाहीतर काय. आमच्या ह्यांचा उजवा आहे, तुलाच माहीत."

मी टाकीकडे पळत गेले. आधीच्या वेळी शिडीच्या पायऱ्या मोजल्या होत्या, बेचाळीस. या वेळी मोजल्या नाहीत. सरांना म्हटलं, अर्धवट मिसळलेली दोन गावं ठेवण्यापेक्षा दोन्ही गावं तुलनेतून काढू, आणि का काढली ते लिहू. ते म्हणाले, दोनशे चाळीसातली वीस माणसं जातात. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, निवड तुझी होती, तसं लिहावं लागेल, तुझ्या नावासकट. मी म्हटलं, हो, लिहिते. मग ते म्हणाले, ते पंच्याचं कडवं पुन्हा एकदा म्हण. मी टाकीवर उभी राहून म्हटलं.

खाली आले तेव्हा बाया धुणं पिळून निघायच्या बेतात होत्या. मी धापा टाकत द्वारकाबाईंना सांगितलं, सुरू करा.

"सगळं?"

"सगळं. थाळीसुद्धा."

त्यांनी चादर टाकली, दगडावर चढल्या आणि असं काही सुरू केलं, की त्याचं मराठी मी आजही करू शकत नाही. एवढंच सांगते, की त्यात थाळी होती, ओलं फडकं होतं, आणि बेबाबाईंची सासू होती. पलीकडे बेबाबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. दोन्ही. सतरा जणी एकदम ओरडल्या, चौदा जणींनी त्यांना उत्तर दिलं आणि मधल्या पाण्यात उभी असलेली म्हैस उठून निघून गेली.

त्याच दिवशी राजधर गुरुजींनी मला ओट्यावर बोलावून घेतलं. हातात टोपी, नजर दुसरीकडे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, की त्यांच्याबद्दलही काही म्हणता येईल का, मर्यादेत राहून. मी तो निरोप नाल्यापलीकडे पोचवला. शुक्रवारपासून गुरुजींना रोज दोन कडवी पडू लागली, आणि ती ऐकायला ते धोतर नेसून, काठी टेकत, स्वतः काठापर्यंत चालत यायचे. सुकलाल आबांचं मात्र काही करता आलं नाही. त्यांना धडे मीच जाऊन दिले.

आखाजीला मी सकाळीच बुद्रुकला गेले. तीन लेकी, सून आणि सहा नातवंडं चुलीभोवती होती. पहिला मांडा बेबाबाईंच्या हातावर फाटला. दुसरा खापरावर टाकताना दुमडला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी सगळ्यांना अंगणाबाहेर घालवलं, मलाही. आम्ही कुडापलीकडे उभे राहिलो. आतून आवाज येत होता. त्या मोजत होत्या, आणि मधूनमधून द्वारकाबाईंना शिव्या घालत होत्या.

दुपारी काठावर मोजता येणार नाही इतकी गर्दी होती. मी प्रयत्न केला आणि तीनशे दहाला सोडून दिला. बेबाबाई पुढे आल्या. दोन्ही हातांवर मांडा, कोपरापर्यंत लोंबणारा, ऊन आरपार येत होतं. डावा हात थरथरत होता आणि वर होता. पलीकडे द्वारकाबाई आपला मांडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ समोर पाहिलं. मग मान वाकडी केली आणि म्हणाल्या, "ए मापारीणबाई, तो पापड आहे की मांडा, एकदा मोजून सांग. मोठ्यानं सांग."

मी पिशवीतून मोजपट्टी काढली. मांडा अगदी गोल नव्हता, म्हणून मी तो दोन दिशांनी मोजला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

उभा चौसष्ट सेंटिमीटर, आडवा एकसष्ट. सरासरी साडेबासष्ट. भोक एक, डाव्या बाजूला, तीन मिलिमीटर.